ज्याला भाव नाही, ते कुठे जाते?

वाचकांचे प्रश्न : जुन्या टीव्ही, मोबाइल आणि बॅटऱ्यांविषयी

गेल्या काही महिन्यांत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयी इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रे उरणपासून मालवणपर्यंतची आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत आणि प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुंबईतील भावंडांनी नवे टीव्ही घेतले, की जुने टीव्ही ते गणपतीला येताना गावच्या घरी आणून ठेवतात. असे तीन ‘डबा’ टीव्ही आमच्या माळ्यावर पडून आहेत. पूर्वी भंगारवाला अशा टीव्हीचे शे-दोनशे रुपये देत असे. या वर्षी तो फुकटसुद्धा नको म्हणाला. “फोडून तांबे नेतो, बाकीचे तुमच्याकडेच ठेवा,” असा त्याचा प्रस्ताव होता. हे असे का झाले? (एक निवृत्त शिक्षक, दापोली)

उत्तर : भंगारवाल्याने या विषयाचे सारे अर्थशास्त्र आपल्याला एका वाक्यात सांगितले आहे. जुन्या वस्तूतील ज्या भागाला भाव आहे तो कोणी ना कोणी नेतो, आणि ज्याला भाव नाही तो गावात राहतो. दुर्दैवाने विष बहुतेक वेळा या दुसऱ्या भागातच असते.

आपल्या टीव्हीतील पिक्चर ट्यूबच्या मागच्या बाजूची नरसाळ्यासारखी काच शिसे मिसळून केलेली असते, कारण ट्यूबमध्ये तयार होणारे क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे लागते. एका ट्यूबमध्ये किलो-दोन किलो शिसे सहज असते. जोवर जगात नव्या पिक्चर ट्यूब तयार होत होत्या, तोवर जुनी काच वितळवून तिचीच नवी ट्यूब करता येत असे. अमेरिकेतील घराघरांतून गोळा झालेली अशी काच एके काळी गुजरातेतील कारखान्यात वितळवण्यासाठी जहाजाने येत होती. चपटे टीव्ही आले, ट्यूबचे कारखाने बंद पडले आणि त्या काचेला गिऱ्हाईकच उरले नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस शहरी अशा काचेने शिगोशीग भरलेली गोदामे तशीच टाकून एका कंपनीने गाशा गुंडाळला. श्रीमंत देशातील मोठ्या कंपनीची ही गत झाली, तेव्हा दापोलीच्या भंगारवाल्याने हात झटकले यात त्याचा दोष मानता येत नाही.

मात्र त्याचा फोडण्याचा प्रस्ताव कृपया स्वीकारू नये. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे ती फुटताना काचा जोराने उडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फुटलेली काच पुढे कुठे जाणार, हे आपणही जाणता. आपल्याकडे तिची जागा ठरलेली असते: गावाबाहेरची जुनी चिरेखाण. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. चार महिन्यांचा पाऊस त्या खाणीत साठतो, मुरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरींना जाऊन मिळतो. जांभ्याच्या ज्या गुणामुळे आपल्या विहिरी भरतात, तोच गुण येथे आपल्यावर उलटतो.

बिनभावाच्या भागाला भाव आणायचा कसा, हा प्रश्न निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या प्रकारे सोडवून पाहिला आहे. जपानमध्ये २००१ पासून अमलात असलेल्या कायद्याने टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्र आणि एअर कंडिशनर टाकून देताना त्याचे पुनर्वापर शुल्क ग्राहकानेच भरायचे असते. स्वित्झर्लंडमध्ये हे शुल्क वस्तू विकत घेतानाच किमतीत धरलेले असते. मला स्विस पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, कारण टाकताना पैसे मागितले, की काही लोक रात्री रानात नेऊन टाकतात. जपानसारख्या शिस्तीच्या देशातही हा अनुभव आलेला आहे, मग आपल्याकडे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

भारताने तिसरा मार्ग घेतला. ई-कचऱ्याविषयीचे पहिले नियम २०११ मध्ये झाले, ते २०१६ मध्ये बदलले आणि आताचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. उत्पादकाने ठरावीक प्रमाणात जुन्या मालाचा पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यांकडून विकत घ्यायची असतात. हे प्रमाण पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के होते, पुढील दोन वर्षांसाठी ते ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. पण ही प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या हिशेबाने. म्हणजे ज्याला बाजारात आधीच भाव होता, त्यालाच नियमानेही भाव मिळाला. शिशाची काच, ट्यूबलाइटमधील पारा, फ्रिजचा फोम यांना तो मिळालेला नाही. पुनर्वापराचा खर्च भागावा म्हणून केंद्र सरकारने ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये हा किमान दर ठरवला, तेव्हा काही मोठे उत्पादक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. बिनभावाच्या मालाचा खर्च कोणी उचलायचा, हे भांडण अजून संपलेले नाही.

आपल्या तीन टीव्हींपुरते सांगायचे तर ते न फोडता कोरड्या जागी ठेवावेत. कंपनी चालू असेल तर तिच्या ग्राहक क्रमांकावर जुनी वस्तू परत घेण्याविषयी विचारावे. कंपनी बंद पडली असेल तर असा बेवारस माल गोळा करून अधिकृत ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. एका घराच्या तीन टीव्हींसाठी गाडी येणार नाही, हे खरे. पण गणपतीत सारे चाकरमानी गावात असतात आणि वाडीची बैठकही होते. त्या बैठकीत माळ्यांवरच्या टीव्हींची मोजदाद केली तर एका टेम्पोचा माल सहज निघेल, आणि टेम्पोभर माल असला की समोरचा माणूस निदान बोलायला तयार होतो.

प्रश्न : आमच्या गावातून रोज शेकडो कंटेनर जाताना दिसतात. परदेशातील बंद पडलेले संगणक आपल्या बंदरातून देशात येतात, असे ऐकतो. हे खरे आहे काय? आणि असेल तर त्यावर बंदी नाही का? (एक महाविद्यालयीन वाचक, उरण)

उत्तर : न्हावा शेवा बंदरात असा माल वेळोवेळी पकडला गेला आहे, तेव्हा ऐकीव गोष्ट निराधार नाही. बंदीही आहे. तरीही माल येतो, कारण कागदावर तो कचरा नसतोच. ‘वापरलेली यंत्रे’, ‘मिश्र धातूंचे भंगार’ अशा नावांनी तो चढवला जातो. जुना पण चालू छपाईयंत्रांचा साठा आणि बंद यंत्रांचा ढीग यांत कंटेनरच्या दारातून फारसा फरक दिसत नाही, आणि प्रत्येक यंत्राला वीज देऊन पाहणे कोणत्याही बंदरात शक्य नसते.

या व्यवहाराला मोठा इतिहास आहे. १९८६ मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या कचऱ्याची राख घेऊन निघालेले एक जहाज ती उतरवण्यासाठी देशोदेशीच्या बंदरांत हिंडत राहिले. १९८८ मध्ये नायजेरियातील कोको या लहानशा बंदरगावी इटलीहून आलेला विषारी कचरा एका घराच्या आवारात पिंपांतून साठवलेला सापडला. या प्रकरणांनी गदारोळ झाला आणि १९८९ मध्ये बाझल करार आकाराला आला, तो १९९२ मध्ये अमलात आला. घातक कचरा पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची लेखी संमती हवी, हे त्याचे मुख्य सूत्र. भारत १९९२ पासून त्यात आहे. अमेरिकेने १९९० मध्ये सही केली, पण आजवर त्याला मंजुरी दिलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून या कराराची व्याप्ती वाढली असून आता घातक असो वा नसो, सर्वच ई-कचऱ्याला पूर्वसंमतीची अट लागू झाली आहे. कागदावर नाव बदलण्याची जुनी वाट त्यामुळे काहीशी अरुंद होईल, बंद होईल असे मी म्हणणार नाही.

आलेल्या मालाचे पुढे काय होते, हे जगाने दोन गावांच्या नावाने ओळखले. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ग्वीयू येथे घरोघरी सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून त्यावरील सुटे भाग काढले जात आणि आम्लात बुडवून सोने वेगळे केले जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील सहा वर्षांखालील १६५ मुलांचे रक्त तपासले, तेव्हा पाचांतील चार मुलांमध्ये शिशाचे प्रमाण त्या वेळच्या धोक्याच्या पातळीपेक्षा अधिक निघाले. चीनने पुढे ही कामे एका औद्योगिक वसाहतीत हलवली आणि २०१८ पासून परदेशी भंगारावर कठोर बंदी आणली. मग कंटेनर थायलंड-मलेशियाकडे वळले. ओहोळाला एका ठिकाणी बांध घातला, की पाणी शेजारच्या कुणग्यात शिरते, तसाच हा प्रकार.

दुसरे ठिकाण घानाची राजधानी आक्रा येथील अगबोगब्लोशी. तांबे मोकळे करण्यासाठी तेथे वायरींचे ढीग उघड्यावर जाळत. वायरीवरचे पीव्हीसी जळाले, की डायऑक्सिन नावाचे अत्यंत विषारी द्रव्य तयार होते आणि ते चरबीत साठून राहते. तेथे मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी २०१९ मध्ये तपासली गेली. असे एक अंडे खाल्ले तर युरोपात मान्य असलेल्या दैनंदिन मर्यादेच्या २२० पट डायऑक्सिन पोटात जाईल, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे परसात गावठी कोंबड्या हिंडत असतात आणि त्याच परसात कधीमधी कोणी जुन्या वायरींचे भेंडोळे पेटवून तांबे काढतो, म्हणून हा तपशील मुद्दाम दिला. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने अगबोगब्लोशीचा भंगार बाजार पाडला. जाळणारे आसपासच्या भागांत पांगले.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. सगळा दोष परदेशी कंटेनरवर टाकण्याचा काळ मागे पडला आहे. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे जे फोडले आणि जाळले जाते, त्यात आपल्याच देशातील घरांचा आणि कचेऱ्यांचा माल भरपूर असतो. माझा-तुमचा जुना मोबाइल तेथे पोहोचण्यासाठी बंदर ओलांडावे लागत नाही.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या मोबाइलमधील सोन्यापासून केली होती, हे खरे आहे का? मोबाइलमधून घरी सोने काढण्याचे व्हिडिओ पाहिले. तसे करता येईल काय? (इयत्ता अकरावीची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : पदकांची गोष्ट खरी आहे. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानी नागरिकांकडून ७८,९८५ टन लहान उपकरणे गोळा झाली. त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल होते. त्यातून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले आणि त्यातून सुमारे ५,००० पदके तयार झाली.

घरी करण्याविषयीचे उत्तर स्पष्ट नकार हेच आहे. एका मोबाइलमध्ये सोने असते ते ग्रॅमच्या काही शतांश भागाएवढे. ते वेगळे करण्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, म्हणजे पाठ्यपुस्तकातील अम्लराज, वापरावे लागते. त्याचे तपकिरी धूर फुप्फुसांना इजा करतात आणि ती इजा काही तासांनंतरही उफाळते. उरलेल्या पाण्यात तांबे, शिसे आणि निकेल विरघळलेले असते. व्हिडिओत ते पाणी पुढे कुठे ओततात, हे कधीच दाखवत नाहीत. ते ओतले जाते गटारात, गटार पऱ्याला मिळतो आणि पऱ्या खाडीला.

हेच काम नीट कसे होते, हे पाहायचे तर बेल्जियममधील होबोकेन येथील कारखान्याचे उदाहरण घ्यावे. तेथे सर्किट बोर्ड मोठ्या भट्टीत वितळवतात, धूर गाळतात आणि तांबे, शिसे, सोने, चांदी, पॅलेडियम असे सतराएक धातू एकाच साखळीतून वेगळे करतात. अम्लराजाच्या वाटीत फक्त सोने मिळते, बाकीचे फुकट जाते. टनभर जुन्या मोबाइलमध्ये कोणत्याही चांगल्या खाणीतील टनभर दगडापेक्षा कितीतरी पट अधिक सोने असते, हे खरे. पण खाण एका जागी असते आणि मोबाइल मात्र कोट्यवधी घरांच्या खणांत विखुरलेले असतात. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. तुम्हाला रसायनशास्त्राची ओढ असेल तर या गोळा करण्याच्या अडचणीवर विचार करा, खरे सोने तेथे अडकले आहे.

प्रश्न : जुना मोबाइल परत देताना फोटो आणि बँकेची माहिती दुसऱ्याच्या हाती पडेल अशी भीती वाटते, म्हणून चार फोन कपाटात ठेवले आहेत. (एक गृहिणी, अलिबाग)

उत्तर : भीती रास्त आहे, उपाय सोपा आहे. फोन चालू होत असेल तर आपली खाती त्यावरून काढून टाकावीत, मग सेटिंगमध्ये जाऊन ‘फॅक्टरी रीसेट’ करावा आणि सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. अलीकडच्या फोनमधील माहिती मुळातच कुलूपबंद स्वरूपात असते, त्यामुळे रीसेटनंतर ती वाचता येत नाही. फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र कपाटात ठेवू नये, आजच बाहेर काढावा.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीतील प्रत्येक घराचा फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर वाया गेला. सगळे चिखलासकट जेसीबीने उचलून ट्रकमध्ये भरले. त्या वेळी कोणाला काही सुचत नव्हते. पुन्हा अशी वेळ आली तर काय करावे? (एक दुकानदार, चिपळूण)

उत्तर : छातीएवढ्या पाण्यातून बाहेर पडलेल्या माणसाने कचऱ्याचे वर्गीकरण करावे, असा उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. हे काम नागरिकाचे नाही, पूर्वतयारीचे आहे. जपानमध्ये आपत्तीनंतरचा ढिगारा ज्या मैदानावर आणतात, तेथे लाकूड, गाद्या, घरगुती यंत्रे यांच्या जागा आधीच आखलेल्या असतात. २०११ च्या त्सुनामीनंतरही फ्रिज आणि टीव्ही असे बाजूला काढले गेले. चिपळूणसारख्या नदीकाठच्या शहराने पावसाळ्यापूर्वीच एक उंचावरची जागा यासाठी मुक्रर केली, तर ट्रक तोच लागतो आणि चालकही तोच. फक्त दोन फेऱ्या वेगळ्या होतात.

वेगळे काढण्याजोगे सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फ्रिज. जुन्या फ्रिजमधील आर-१२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट तापमानवाढ करतो आणि ओझोनचा थरही विरवतो. नंतर आलेला आर-१३४ए चौदाशे पटींच्या घरात आहे. जेसीबीच्या दातांनी मागची नळी तुटली, की तो क्षणात हवेत जातो. फ्रिज उभाच उचलला आणि नळ्या शाबूत राहिल्या, तर तंत्रज्ञ तो वायू टाकीत काढून घेऊ शकतो.

घरापुरते दोन नियम पाळावेत. भिजलेले उपकरण सुकल्यासारखे दिसले तरी तपासणीशिवाय प्लगमध्ये घालू नये, कारण आतला गाळ वाळायला आठवडे लागतात. आणि लिथियम बॅटरीचे जे काही भिजले असेल, म्हणजे लॅपटॉप, पॉवर बँक किंवा विजेवरची स्कूटर, ते घराबाहेर मोकळ्यावर ठेवावे. पाणी आत शिरलेली बॅटरी कित्येक दिवसांनंतरही पेट घेऊ शकते, आणि भरतीचे खारे पाणी असेल तर धोका आणखी वाढतो.

प्रश्न : माझी स्वतःची नौका आहे. खाऱ्या हवेने जीपीएस, वायरलेस, फिश फाइंडर दोन-तीन वर्षांत निकामी होतात. त्यांना कोणी विचारत नाही. बॅटरी मात्र दुकानदार लगेच परत घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही देतो. हा फरक कशामुळे? (एक मच्छीमार, मालवण)

उत्तर : आपले पत्र दापोलीच्या पत्राला उत्तर देणारे आहे. नौकेवरील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, ते शिसे पुन्हा पुन्हा वितळवून नवी बॅटरी करता येते, आणि तिची ठेवण इतकी साधी असते, की ती फोडून वेगळी करायला फारसे कौशल्य लागत नाही. म्हणून जगात सर्वाधिक प्रमाणात परत येणाऱ्या वस्तूंत तिची गणना होते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, पण त्याआधीही बाजार ती परत घेतच होता. फिश फाइंडरमध्ये मोलाचा भाग चिमूटभर आणि प्लास्टिक ओंजळभर, त्यामुळे त्याच्या वाट्याला कोणी जात नाही.

मात्र भाव आहे म्हणून सारे सुरळीत आहे, असेही नाही. काही भंगारवाले वजन करण्यापूर्वी बॅटरी उलटी करून आम्ल ओतून टाकतात, आणि जेट्टीवर ते थेट समुद्रात जाते. त्या आम्लात शिसेही विरघळलेले असते, आणि ते पडते त्याच उथळ पाण्यात, जेथे कालवे आणि तिसऱ्या धरायला बायामाणसे ओहोटीला उतरतात. शिंपल्यांचे प्राणी पाणी गाळून खातात आणि पाण्यातील धातू अंगात साठवतात. म्हणून बॅटरी देताना ती उभी, झाकणे बंद आणि आम्लासकट द्यावी. ओतून द्या म्हणणाऱ्याला ती देऊ नये, चार पैसे कमी देणाऱ्या दुकानदाराला द्यावी.

राहिलेल्या उपकरणांसाठी आपल्या मच्छीमार सोसायटीच्या गोदामात एक झाकणाचे पिंप ठेवता येईल. नौका पावसाळ्यासाठी वर ओढतात, तेव्हा सगळ्यांचीच दुरुस्ती आणि साफसफाई चालू असते. त्याच वेळी बंद यंत्रे आणि निकामी एलईडी दिवे एकत्र जमले, तर सोसायटीच्या नावाने नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याशी बोलता येते. अशा कारखान्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. पिंपात टाकण्यापूर्वी वायरलेसच्या हातातल्या संचांमधील बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि त्या वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात.